थेडाची संत्री

शेवटच्या झाडाशी विल्मर वाकला, देठ दोन बोटांत चोळला आणि बोटं नाकाशी नेली. ओल्या कुत्र्याचा वास. म्हणजे त्याचंच वाण. थेडा जिवंत होती तेव्हा त्याच्या गांजाला हेच नाव ठेवून नाक मुरडायची.

"काय म्हणतंय नाक?" मॅरिबेलनं विचारलं. ती थेडाची मुलगी, आणि झाडं तिनं लावलेली.

नाक बरंच काही म्हणत होतं. "घाई करू नकोस," विल्मर म्हणाला.

कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्टच्या त्या डोंगरात कुणाच्या खणात निनावी बी सापडलं, की ते विल्मरकडे न्यायची रीत होती. तो ते तळहातावर घेऊन गप्प बसायचा आणि लोक समाधानानं परत जायचे. नुसतं बी बघून वाण कळत नाही, हे तो दरवर्षी जत्रेत नवशिक्यांना ओरडून सांगायचा. बियांवरचे पट्टे एवढंच सांगतात, की बी पिकलंय. लावा, वाढवा, देठ चोळा, मग बोला.

जाण्याआधी थेडानं आपल्या संत्र्याच्या वासाच्या वाणाचं बी लेकीसाठी म्हणून त्याच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. ते दुसरीकडे कुठेच नव्हतं. या वसंतात साल्मन मासे ठेवायला जागा करावी म्हणून विल्मरनं स्क्रू ड्रायव्हरनं बर्फ फोडला, आणि बर्फाबरोबर बाटल्याही. सगळ्या वाणांचं बी एकत्र झालं. त्यानं ते वर्तमानपत्रावर वाळवलं, त्यातलं पट्टेदार तेवढं वेचलं, नव्या बाटलीत भरलं, वर चिठ्ठी लावली: थेडाची संत्री, आणि बाटली मॅरिबेलला दिली. अक्षर त्याचं सुरेख होतं.

एका झाडासारखं दुसरं निघालं नाही, याचं मॅरिबेलला काहीच वाटत नव्हतं. एका झाडाचं बी म्हणजे सख्खी भावंडं, त्यातलं कोण आजोबांवर जाईल याचा नेम नसतो, हे तिनं उलट त्यालाच समजावलं. शिकवलं त्यानंच होतं. शास्त्र अगदी बरोबर होतं, त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं.

मग तिनं स्वतःच तो देठ चोळला आणि डोळे मिटले. "ही आई. तिच्या स्वेटरला हाच वास यायचा."

थेडाचा कुत्रा त्या स्वेटरवर झोपायचा, हे विल्मरला आठवलं.

ट्रककडे जाताना कुंपणापाशी सकाळीच उपटलेल्या नर झाडांचा ढीग दिसला. नर ठेवले तर माद्या बियांनी भरतात आणि पीक वाया जातं, म्हणून दिसला नर की उपट, हेही त्यानंच तिला बजावलं होतं. सवयीनं त्यानं एक देठ चोळला.

नुकतं सोललेलं संत्रं.

तो तिथेच खाली बसला.

"काय रे, पाठ धरली?"

"हो."

बी मिसळलं हे सांगणं एका वाक्याचं काम होतं. त्यानं वाक्य जुळवलंसुद्धा. पण मॅरिबेल त्या ओल्या कुत्र्याच्या झाडाला आईचा लाल रुमाल बांधत होती. वाक्य आल्या वाटेनं परत गेलं.

त्याऐवजी त्यानं त्या झाडाची खालची एक फांदी मागितली. तिला कागदी पिशवी बांधायची आणि तेवढ्या फांदीवरच बी धरायचं, म्हणजे पुढच्या वर्षीची सोय होईल.

"बी? तू सांगतोयस हे?" ती हसली. "आणि बाप कुठून आणायचा? मी तर सगळे उपटले."

"बापाचं मी बघतो," विल्मर म्हणाला.

तिनं त्याला मिठी मारली. आई म्हणायची, विल्मरच्या फ्रीजरइतकी सुरक्षित जागा या डोंगरात दुसरी नाही, असं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं.

या नरामुळे पुढचं बी निम्मं तरी थेडाचं निघणार होतं. विल्मरनं ते नर झाड ढिगातून अलगद काढलं, मुळांना स्वतःचा ओला शर्ट गुंडाळला आणि ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवलं.

"कचरा कशाला नेतोस?"

"खताला."

त्यानं झाडाला सीटबेल्ट लावला. पराग उडू नये म्हणून भर जुलैच्या उन्हात सगळ्या काचा वर केल्या. फाटकातून मॅरिबेल हात हलवत होती. आत संत्र्याचा वास इतका दाटला की त्याचे डोळे चुरचुरायला लागले, पण काच काही त्यानं खाली केली नाही.