डावीकडची खुर्ची

स्ट्रोकनंतर ऑर्विल आजोबांच्या लेखी जगाला डावी बाजूच उरली नव्हती. ताटातला उजवीकडचा मीटलोफ संपला, की डावीकडचे बटाटे तसेच टाकून ते म्हणायचे, "अजून वाढा की!"

"आजी, तुम्ही डावीकडेच बसायचं. त्यांनी स्वतःहून मान वळवली पाहिजे," त्यांची थेरपिस्ट म्हणून मी तोऱ्यात त्यांच्या बायकोला बजावलं. लेनोरा आजी सहा आठवडे तिथेच बसल्या. त्या बोलल्या की आजोबा उजवीकडच्या टीव्हीकडे बघायचे.

हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या दिवशी मी म्हटलं, "काय आजोबा, आता बायकोच्या हातचं खाणार, खूश ना?"

"कसली बायको, पोरी? सहा आठवड्यांत एकदा तरी फिरकली का ती?"

लेनोरा आजी त्यांच्या डाव्या बाहीचं बटण लावत होत्या.