पहिला घास

देव्हाऱ्यात काहीतरी किणकन वाजलं आणि खर्डीच्या त्या घरातली दुपारची शांतता मोडली. प्रियांकाने तिकडे पाहिलं नाही. तिथे रुपाचा चांदीचा टाक होता, तिच्या नवऱ्याच्या, साईनाथच्या, वारलेल्या पहिल्या बायकोचा. रोज पहिला घास तिला दाखवायचा, मग घरच्यांना वाढायचं.

आज प्रियांकाने पहिला घास आपल्या तीन वर्षांच्या काजलला भरवला होता.

कालपासून तिचा जीव जळत होता. या घरात एकच गोष्ट तिच्या एकटीच्या नावाची होती. साईनाथने घरच्या वायफायला 'प्रियांका' नाव ठेवलं होतं. काल त्याने लॅपटॉपमध्ये नवी विंडोज टाकली आणि वायफायच्या यादीतून ते नाव गेलं. तिथे आता एकच नाव होतं, 'रुपा'.

"अजून मन तिथंच हाय ना तुमचं?" तिने साईनाथला विचारलं.

"नाय गो. मी कशाला ठेवू ते नाव? कार्डाचा ड्रायव्हर बिघडलाय."

त्याने ड्रायव्हर दोनदा टाकला. राउटरही बंद केला. रुपा होतीच. शेवटी वायफाय पकडणारं वायरलेस कार्डच उपसून त्याने प्रियांकाच्या हातात दिलं.

कार्डच नाही, तरी नाव गेलं नाही.

प्रियांका लॅपटॉप उचलून घरभर फिरली. देव्हाऱ्यापाशी सिग्नलची एकच दांडी होती. माजघरात दोन झाल्या. ओटीवर काजल बाहुली घेऊन बसली होती, तिथे पाचही भरल्या.

काजलचं ताट मघाशीच घासून पालथं घातलं होतं. तरी तिचं तोंड भरलेलं होतं.

तिने सावकाश गिळलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

"आये, हिच्या हातचा अजून एक खाऊ का?"