एक कच्ची पायरी

गणित शिकवणाऱ्या संजनामॅडम गेल्याचं कळलं त्या दिवशी कॉलेजला सुट्टी मिळाली आणि चौथ्या दिवशी शोकसभा झाली. सातपूरच्या कारखान्यात लेथ चालवणारा संजनाचा नवरा निवृत्ती तिचा पीएचडीचा प्रबंध पिशवीत घालून आला. ग्राफ थिअरीवरचा तो प्रबंध २००१ पासून गाइड दाभाडेसरांच्या सहीवाचून अडला होता. "मॅडम, सिद्धतेत एक पायरी कच्ची आहे," म्हणत सर तो परत द्यायचे, आणि ती घरी येऊन पुन्हा ठिपके अन् रेषा मांडत बसायची.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत, म्हणून सर माइकवर भरभरून बोलले. "काय सिद्धता होती बाईंची! एक पायरी ढिली नाही. गेली दोन वर्षं मी एमएस्सीच्या पोरांना तीच शिकवतोय."

निवृत्ती उठला. त्याने प्रबंध सरांपुढे आपटला आणि पेन उघडून त्यांच्या हातात दिलं. "मग करा की सही. एवढे साक्षीदार बसलेत."

"निवृत्तीराव, ही काय वेळ आहे का?"

"वेळ दोन वर्षांपूर्वीच होती, सर."



सही अजून झालेली नाही.