नेल्सीची पेटी

पेटीच्या एका बाजूला रंग छान लालसर बसला आणि दुसरी बाजू करपलेल्या पावासारखी काळी पडली. गाउदेन्सियोने फडक्याने ती खसाखसा पुसली, तर मधेच पांढुरका डाग उघडा पडला. त्याने त्यावर पुन्हा रंग फासला. होतं नव्हतं तेही बिघडलं.

"लाकूडच खराब आहे," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" अबुंदियोकाका दारातूनच हसले. पोमुच गावातल्या निम्म्या पेट्या त्यांच्या हातच्या. "अरे भट्टीवाल्या, पावाला अंड्याचा हात मारतोस तसा काय मारतोयस? लाकडाच्या रेषा कुठे जातायत बघ, त्यांच्याबरोबर चाल. लावायचं, जरा पिऊ द्यायचं, वाळायच्या आत पुसायचं. आणि जिथे आडवं कापलंय ना, तिथे लाकूड अधाशासारखं पितं. तिथे हात आखडता घे."

उद्या सकाळी दफनभूमीत जायचं होतं. माणूस जाऊन तीन वर्षं झाली की त्याची हाडं बाहेर काढायची, कुंचल्याने साफ करायची आणि नक्षीचं कापड अंथरून लाकडी पेटीत ठेवायची, ही गावाची रीत. झाकण थोडं किलकिलं ठेवायचं, आत ऊनवारा लागावा म्हणून. पेटी अबुंदियोकाकांकडून आणायची, हेही आता रीतीतच जमा झालेलं. पण नेल्सीची पेटी तिच्या बापाने, गाउदेन्सियोने, हट्टाने स्वतः केली. पोर तापाने गेली तेव्हा तो पाव भाजत होता. निदान एवढं तरी तिच्यासाठी आपल्या हातून नीट व्हावं, याच्यापलीकडे त्याला काही नको होतं.

काका फार वेळ उभे राहिले नाहीत. स्टूल ओढून बसले, पॉलिश पेपर घेऊन काळी बाजू घासून दिली आणि फडकं परत त्याच्या हातात दिलं. गाउदेन्सियोने श्वास रोखून रंग लावला, पुसला, पुन्हा लावला. डाग पुरते गेले नाहीत, पण दबले. रंग वाळल्यावर त्याने मेण चोळलं तेव्हा देवदार मंद चमकायला लागलं.

"बरी झालीय की," काका म्हणाले. "पहिली पोळी आणि पहिली पेटी, कुणाच्या गोल निघाल्यात?"

गाउदेन्सियो खूप दिवसांनी हसला. त्याने आत बायकोला हाक मारली, "एलोदिया, कापड आण. बघू कसं दिसतं."

एलोदियाने महिनाभर भरलेलं कापड आणलं. कडेने पक्षी, मधोमध तांबड्या दोऱ्यात लेकीचं नाव. ती पेटीपाशी बसली आणि कापड आत अंथरलं. ते पुरलं नाही. एका टोकाला चार बोटं लाकूड उघडं राहिलं. तिने कापड तिकडे सरकवलं, तर या टोकाला उघडं पडलं.

"लहान शिवलंस तू," गाउदेन्सियो म्हणाला.

"लहान कसं असेल? तिचा शाळेचा स्कर्ट समोर ठेवून माप घेतलंय मी."

अबुंदियोकाकांनी पेटीला वीत लावली. एकदा लावली, पुन्हा लावली. "पेटी मांडीच्या हाडाएवढी लांब करायची, हे मीच सांगितलं तुला," ते हळू म्हणाले. "माप कुणाचं घेतलंस?"

"अरेलीचं. भावाच्या पोरीचं. काका, दोघी एकाच आठवड्यात जन्मलेल्या ना. एकीचा फ्रॉक दुसरीला व्हायचा. मागच्या रविवारी गेलो, अरेलीला बाकावर बसवलं, मांडीला दोरी लावली आणि..."

तो थांबला. अरेली आता बाराची झाली होती. नेल्सी नऊचीच होती. तीन वर्षं तो लेकीला मनातल्या मनात वाढवत होता, आणि हे त्याचं त्यालाही आत्ताच कळलं. तो खाली बसला.

"असू दे रे," काका म्हणाले. "कडेने कपडे खोचू. पण... उचलून चालायला लागलात की हाडं आत सरकतील. आवाज येईल."

"काप," एलोदिया म्हणाली.

"अगं, रंग देऊन झालाय. मेणसुद्धा लावलंय."

"काप म्हटलं ना! होती तेवढीच राहू दे तिला."

काकांनी पिशवीतून करवत काढली, पण गाउदेन्सियोने ती त्यांच्या हातातून घेतली. एका टोकाची फळी खिळे उपसून सोडवली आणि तो कापायला लागला. करवत वाकडी जात होती. काकांनी पेटी घट्ट धरली. बाजू कापून झाल्या, मग तळ, मग झाकण. टोकाची फळी परत ठोकली. एलोदियाने कापड अंथरलं. आता ते काठोकाठ बसलं.

जमिनीवर चार बोटं रुंदीचे तुकडे पडले होते, तीन वर्षांच्या वाढीएवढे. बाहेरून लाल, कापल्या जागी कोरे. लाकडाचा चुरा, ढलप्या, सगळं भट्टीत जायचं, ही त्या घरातली रोजची सवय. गाउदेन्सियोने वाकून ते गोळा करायला हात घातला.

एलोदियाने त्याचं मनगट धरलं. मग एकेक तुकडा स्वतः उचलला, फुंकर मारून भुसा उडवला आणि ओटीत घेतला. सगळे घेऊन झाल्यावर तिने वर पाहिलं.

"काका, आणि हे कशात ठेवायचं?"