लेकींचा मुक्काम

"दुसरा बोकड सोड," उगोये आक्का म्हणाली, आणि ओबिओराला बरंच वाटलं. घरच्या लेकी पोटभर जेवून कामाला लागणार होत्या, आणि काम त्याचंच होतं.

त्याच्या अंगणात बसभर बायका उतरल्या होत्या. बस त्यानंच पाठवली होती. सगळ्या याच कुळात जन्मलेल्या आणि लग्न होऊन गावोगावी गेलेल्या, म्हणजे उमुआडा. माहेरवाशीण म्हटलं की कुणाला चार दिवसांचे लाड आठवतील, पण या लेकी यायच्या त्या न्याय करायला. ज्याची चूक, त्याच्या अंगणात चुली मांडायच्या, त्याच्याच कोठारातलं शिजवून खायचं, आणि त्याची अक्कल ठिकाणावर येईपर्यंत हलायचं नाही. त्यांच्यापुढे कुळातले म्हातारेसुद्धा आवाज चढवत नसत.

ओबिओराला धाकट्या भावाची जागा हवी होती. इकेम वारल्याला वर्ष होत आलं होतं. रस्त्याला लागून त्याची जी जागा होती, तिच्यावर त्याची बायको उरेदिया पाम तेलाचा घाणा चालवत होती. तिथं पेट्रोल पंप काय झकास चालला असता! ओबिओरानं आधी कुळातल्या पुरुषांची बैठक बोलावली. ते ताडी प्याले, खाकरले आणि 'बघू' म्हणून उठले. मग त्यानं बहिणींना निरोप धाडला, की परक्या घरची बाई आपल्या बापाच्या जमिनीवर ठाण मांडून बसलीय, या आणि तिला उठवा. रक्त रक्ताकडेच ओढ घेतं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"आधी माझ्याकडे दोन घास खा," असं तोच म्हणाला होता. नंतर त्या कुंपणापलीकडे उरेदियाच्या अंगणात जाऊन बसणारच होत्या. तिच्या कोंबड्या, तिचं तेल, तिची कोनफळं, मनातल्या मनात त्यानं तिचं कोठार साफ रिकामं करून टाकलं होतं.

अंगणात नुसती धांदल चालली होती. आक्का ओनित्शाच्या कापडबाजाराची प्रमुख, तिथले भलेभले व्यापारी तिला विचारल्याशिवाय भाव ठरवत नाहीत. तिच्या शेजारी एक मुख्याध्यापिका कांदे चिरत होती. शहरात न्यायाधीश असलेली चिनेलो सगळ्यांत धाकटी, म्हणून ती खाली बसून कोनफळं सोलत होती.

"बाईसाहेब, सालाबरोबर निम्मं कोनफळ चाललंय," कुणीतरी म्हणालं.

"मग तुम्ही सोला, मी निकाल देते."

"निकाल द्यायला आधी म्हातारी हो," आक्का म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मग हसू आवरून ती म्हणाली, "सुनेला बोलवा."

उरेदिया घाण्यावरून तशीच आली. हात कोपरापर्यंत तेलानं लाल झाले होते. गुडघा टेकून तिनं नमस्कार केला आणि ताठ उभी राहिली.

"घाणा कुणाचा?" आक्कानं विचारलं.

"माझा. त्यांनी जागा साफ करून दिली आणि मग अंथरूणच धरलं. भिंती, यंत्र, सगळं मी उभं केलं. त्यांचं औषधपाणीही त्याच्यावरच झालं."

"आता ओबिओराला ती जागा हवीय. देशील?"

"नाही देणार. तुम्ही सगळ्या माझ्या दारात येऊन बसलात तरी नाही."

कांदे चिरणारा हात थांबला. लेकींच्या तोंडावर असं कुणी बोलत नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलान, ओबिओराच्या मनात आलं, आणि त्याला हसू लपवावं लागलं.

आक्कानं मात्र भलतंच विचारलं. "शेवटी शेवटी इकेम काय खायचा?"

"पेज," उरेदिया म्हणाली. "तुम्ही पाठवलेले सुके मासे कुस्करून घालायची मी. दुसरं काही उतरायचं नाही घशाखाली. मीच भरवायची."

आक्कानं डोक्याच्या फडक्याची गाठ उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली. "जा घरी," एवढंच ती म्हणाली. ओबिओरानं त्याचा अर्थ लावला, की आवराआवर करायला धाडली.

त्याची बायको एबेरे त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणाली, "अहो, त्यांनी बसमधून चटया उतरवल्यात."

"दमल्या असतील. पडतील घटकाभर."

"दोन घासांसाठी कुणी चटया आणत नाही. मीसुद्धा माझ्या माहेरची लेक आहे, मला विचारा."

"तू भाताकडे बघ," तो म्हणाला.

ऊन कलायला लागलं तरी कुणी उठेना. शेवटी तो हात चोळत आक्कापुढे जाऊन उभा राहिला. "आक्का, झालं ना जेवण? पोरांना सांगतो, भांडी पलीकडे नेऊन ठेवतील. बसायचं तर आता तिच्या अंगणात बसा."

"ज्याची चूक त्याच्या अंगणात बसायचं," आक्का म्हणाली. "इथंच बरं आहे."

ओबिओरा हसला. थट्टा असेल असं त्याला वाटलं. पण बाकी कुणीच हसलं नाही. चिनेलोनं चुलीत एक नवं लाकूड सारलं आणि आपली चटई त्याच्या उंबऱ्यापाशी पसरली.

"अगं, मी तुम्हाला बोलावलं," त्याचा आवाज चिरकला. "बस माझी, बोकड माझे. आणि तू माझ्याच अंगणात ठाण मांडणार? माझी सख्खी बहीण ना तू?"

"तुझी सख्खी बहीण," आक्का म्हणाली. "आणि इकेमची कोण रे?"