दीपगृहाचा सेट

खोक्याचं सील शाबूत आहे ना, हे सुजयने तीनदा बोट फिरवून पाहिलं. कंपनीने बनवणं बंद केलेले, ठोकळे जोडून प्रतिकृती बांधायचे सेट घ्यायचे, न उघडता ठेवायचे आणि भाव चढला की विकायचे, हा त्याचा धंदा. हा दीपगृहाचा सेट मिरजेच्या शैलाताईंच्या मुलाने, निनादने, पहिल्या पगारातून घेतला होता. आठवड्याभरात तो अपघातात गेला. सुजय तो बांधणार, असं समजून शैलाताईंनी आता सेट त्याला विकला होता.

"बांधून झालं की फोटो पाठवा," शैलाताई म्हणाल्या. "त्याच्या मनात होतं, ते मला बघायचंय."

सुजयला खरं सांगवेना. तो "हो" म्हणाला आणि महिन्याभरात सेट विकून मोकळा झाला.

दर रविवारी शैलाताईंचा मेसेज यायचा, "झालं का हो?" तो लिहायचा, "चालू आहे." पुढे पुढे घरातली बंद खोकी त्याला बघवेनात. एखादं हलवलं की आतले ठोकळे खुळखुळत आणि तो ते पटकन खाली ठेवी. शेवटी दीपगृह खरंच बांधायचं ठरवून त्याने सेट परत मागायला तो नेलेल्या गिऱ्हाइकाला फोन केला.

पलीकडून तो माणूस हसला. "उघडायचाय? वेडे आहात का? मीपण तो कधीच पुढे विकला."

सुजय मिरजेला गेला आणि त्याने सगळं कबूल केलं. शैलाताईंनी विचारलं, "म्हणजे तो अजून कुणी उघडलाच नाही?"

"नाही. असे सेट कुणीच उघडत नाही."

"बरं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे निनादचं बांधायचं अजून राहिलंय."