आठवा जोड

माझी लेक मेकॅनिक आहे. मला अक्षरं जेमतेम येतात, पण तिच्या हाताला वळण माझंच आहे. तिची मोटारसायकल तीनदा भर रस्त्यात, ट्रकपुढे बंद पडली. शेवटी तिने इंजिनाला हुकूम देणारी डबी उघडून भिंगाखाली धरली, तर सोल्डरचे सात जोड तडकलेले. सातांवर तिने पांढरे ठिपके दिले आणि आम्ही जेवायला बसलो.

परत आलो तर जोड भरलेले. सात नव्हे, आठ.

"आई, हा आठवा मला दिसलाच नव्हता," लेक म्हणाली. "गाडी पुन्हा बंद पडली असती."

प्रत्येक जोडाला डावीकडे वळलेलं शेपूट होतं. तिचे वडील डावरे होते. सोल्डर लावला की फुंकर मारायचे. त्याने जोड कच्चा राहतो म्हणून लेक त्यांच्यावर ओरडायची. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

मी भिंगावर वाकले. "जन्मात एक काम वेळेवर केलं नाहीत," मी म्हटलं, "पण आज लेक वाचवलीत. उपकार झाले हो."

भिंगावर खालच्या बाजूने वाफ धरली.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "फुंकू नका. कच्चा राहील."